हर्बल आहे, म्हणजे औषधच आहे

"झोपेचं पार खोबरं झालंय गं, काहीतरी हर्बल सांग ना, गोळ्या नकोत."

हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळतं की समोरच्याने सुरुवात केली तरी पुढचं कळतं. आणि मागणी अगदी रास्त आहे. झोपेच्या गोळ्यांची लोकांना वाटणारी भीती काही उगाच नाही. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय लागायला लागते, मग तेवढ्या डोसने भागत नाही, आणि एकदम बंद केल्या तर आधीपेक्षा जास्त घालमेल, जास्त जागरण, काहींना तर फिट्ससुद्धा येतात. वयस्कर माणसं रात्री उठताना तोल जाऊन पडतात ते वेगळंच. तेव्हा कुणी म्हणालं की मला हे नको, जरा सौम्य काहीतरी हवं, तर त्यात चुकीचं काय आहे? मी स्वतः वर्षानुवर्षं कमी झोपणाऱ्या आणि जास्त काळजी करणाऱ्या लोकांपैकी आहे, त्यामुळे ही मागणी मला आतून समजते.

मी अडते ती त्याच्या पुढच्या वाक्यावर. "हर्बल आहे ना, मग साइड इफेक्ट नसणारच." इथे मला प्रत्येक वेळी समोरच्याचा हात धरून थांबवावंसं वाटतं. कारण ज्या मुळात किंवा फुलात झोप आणायची ताकद आहे ती कुठल्यातरी रसायनामुळेच आलीये, आणि ते रसायन मेंदूपर्यंत पोचत असेल तर ते लिव्हरमधूनही जाणार, रक्तदाबालाही हात लावणार, आणि तुम्ही आधीपासून घेत असलेल्या गोळ्यांशीही भिडणार. काहीच करत नसेल तर साइड इफेक्ट नसतील, कबूल, पण मग इफेक्ट तरी कुठून येणार?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सर्पगंधा. या एका झुडपाची गोष्ट माहीत असली की वनस्पती आणि औषध यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधून ठेवलीये ती आपोआप पडते. सर्पगंधेचं मूळ निद्रानाशावर, उन्मादावर फार जुन्या काळापासून वापरलं जात होतं. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याच्यावर पेपर लिहिला, वेड आणि हाय ब्लड प्रेशर या दोन्हींवर हे मूळ काम करतं असं त्यात मांडलं होतं. मग १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लड प्रेशरच्या पेशंट्सवरचे आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पिन नावाचा घटक वेगळा काढला, आणि दोनेक वर्षांत तो मनोरुग्णालयांमध्ये पोचला. आधुनिक मानसोपचारातल्या अगदी पहिल्या काही औषधांपैकी एक या मुळातून आलेलं आहे. याचा मला अजूनही मनापासून आनंद वाटतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. रेसर्पिन काय करतं, तर मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन, नॉरएड्रेनलिन, डोपामिन ही रसायनं ज्या बारीक पिशव्यांमध्ये साठवून ठेवतात त्या पिशव्या रिकाम्या करतं. माणूस शांत होतो, पण ती शांतता कधीकधी फार खाली घेऊन जाते, काही पेशंट्समध्ये उदासी इतकी वाढली की डॉक्टर घाबरले, शिवाय बीपी एकदम कमी होणं, नाक चोंदणं, सुस्ती. अर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्राण्यांना रेसर्पिन दिलं तर ते हालचालच करेनात, जागच्या जागी बसून राहिले, मग त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते रसायन, दिल्यावर पुन्हा हलायला लागले, आणि या प्रयोगांतून डोपामिनचं मेंदूतलं महत्त्व कळलं. त्या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे विचार करा, एका झोप आणणाऱ्या मुळाने प्राण्याचं हलणं थांबवलं आणि त्यातूनच पार्किन्सन्सच्या उपचाराची दिशा सापडली. इतकी ताकद ज्या मुळात आहे ते "नुसतं हर्बल" म्हणून चमच्याने घ्यायची गोष्ट नाही. आजही झोपेच्या काही मिश्रणांमध्ये सर्पगंधा असते. घटकांची यादी वाचा, आणि त्यात ती दिसली आणि तुम्हाला बीपीची गोळी चालू असेल किंवा कधी डिप्रेशन येऊन गेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाकण उघडूच नका.

आता सौम्य बाजूकडे येते. व्हॅलेरियन. ही युरोपची जुनी झोपेची मुळी, दुसऱ्या शतकात गॅलेनही निद्रानाशावर ती देत असे. वाळलेल्या मुळीची बरणी पहिल्यांदा उघडाल तेव्हा चेहरा मागे घ्याल हे मी आत्ताच सांगून ठेवते. न धुतलेल्या मोज्यांसारखा, जरा आंबूस, जरा मातकट असा वास, तो आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडचा. मुळी जितकी जुनी होत जाते तितका वास चढत जातो. पाण्यात टाकून झाकून ठेवली की पंधरा मिनिटांत पाणी फिकट तपकिरी होतं आणि चव कडवट, किंचित गोडसर, जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी. मला त्या वासाची सवय झाली, बऱ्याच जणांना कधीच होत नाही आणि ते सरळ कॅप्सूल घेतात, त्यातही काही बिघडत नाही.

व्हॅलेरियनमधलं व्हॅलेरेनिक अ‍ॅसिड मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतं, म्हणजे ज्या यंत्रणेवर बेन्झोडायझेपिन गोळ्या काम करतात त्याच यंत्रणेवर, पण वेगळ्या जागी आणि बरंच हलक्या हाताने. ऐकायला एकदम पटतं. पण माणसांवरच्या अभ्यासात चित्र इतकं साफ नाही. २००६ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, झोपेची क्वालिटी सुधारत असावी असं दिसलं, पण अभ्यासांची पद्धतच इतकी वेगवेगळी आणि कच्ची होती की ठामपणे काही म्हणता येईना. २०१७ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने जुनाट निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये असंच सुचवलं, पुरावा कमकुवत आहे हेही तिथेच नमूद करून. मग घ्यावी का? माझं मत असं की तब्येतीने धडधाकट, दुसरी औषधं नसलेल्या मोठ्या माणसाने दोन ते चार आठवडे नीट एकाच डोसने करून बघायला हरकत नाही, फरक पडला तर उत्तम, नाही पडला तर डोस वाढवत बसू नये, सोडून द्यावी. एका रात्रीत निकाल लावायचा नाही आणि वर्षभर आशेवरही बसायचं नाही.

व्हॅलेरियनची हिमालयातली नातेवाईक म्हणजे जटामांसी. तिच्याबद्दल मला वेगळंच वाईट वाटतं. तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर उगवणारी ही वनस्पती, तिचं मूळ उपटूनच औषध आणि सुगंधी तेल बनतं, म्हणजे एक बाटली भरायची तर पूर्ण रोप संपतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती अतिशय धोक्यात असलेल्या वनस्पतींमध्ये आहे आणि तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. कुणाला तरी नीट झोप लागावी म्हणून डोंगरावरून एक अख्खी जात नाहीशी होणं मला मान्य होत नाही, म्हणून लागवडीतली आहे याची खात्री नसेल तर मी जटामांसी सुचवत नाही.

कॅमोमाइलबद्दल मात्र मी पक्षपाती आहे, आवडतंच मला ते. छोटी पांढऱ्या पाकळ्यांची पिवळ्या गोंड्याची फुलं, वाळल्यावर सफरचंदासारखा वास. बहुतेक लोक एक चूक करतात, कप उघडा ठेवतात. वाफेबरोबर जे वर जातं त्यातच तर तेलं असतात, तेव्हा उकळतं पाणी ओतल्याबरोबर कपावर बशी ठेवायची, पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्यायची, आणि बशी उचलल्यावर तिच्या आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात ते पुन्हा कपातच सोडायचे. फुलांचं प्रमाणही नेहमीच्या टी बॅगपेक्षा जास्त लागतं, एका कपाला चांगली मोठा चमचाभर फुलं. एवढं केलं की रंग गडद सोनेरी येतो आणि तेव्हा कुठे त्याला काही अर्थ असतो.

कॅमोमाइलमध्ये एपिजेनिन नावाचा घटक असतो, तो त्याच बेन्झोडायझेपिनच्या जागेवर थोडासा चिकटतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. इथे अँक्झायटी आणि झोप यांच्यात जो फरक पडतो तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ मध्ये सौम्य ते मध्यम जनरलाइज्ड अँक्झायटी, म्हणजे सतत कशाची ना कशाची काळजी वाटण्याचा त्रास, असलेल्या ५७ लोकांवर आठ आठवडे अभ्यास झाला, कॅमोमाइलच्या कॅप्सूलने प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलपेक्षा, माफक पण खरा फरक पडला. २०१६ मध्ये तिथूनच लांब पल्ल्याचा अभ्यास आला, रोज १५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाण ठामपणे कमी झालं असं म्हणता आलं नाही, पण लक्षणं कमी राहिली. आणि निव्वळ निद्रानाशावरचा २०११ चा छोटा अभ्यास बघितला तर झोपेच्या तासांमध्ये प्लासिबोच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरकच नाही. म्हणजे ज्याची झोप काळजीमुळे उडते त्याला कॅमोमाइल आधी काळजीच्या बाजूने हात देत असावं, आणि झोप सुधारलीच तर त्याच्या मागून. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो, कारण काळजी करणारं डोकं रात्री कसं चालतं ते मला चांगलं माहितीये. अंग दमलेलं असतं, डोळे जड असतात, आणि आत कुणीतरी उद्याच्या मीटिंगमधलं एक वाक्य चौदा प्रकारांनी बोलून बघत असतं.

त्यात कप हातात धरण्याचाही भाग आहे, हे मी मुळीच नाकारणार नाही. स्क्रीन बंद, लाइट मंद, पाणी उकळण्याची वाट बघणं, बशी उचलणं, गरम कप दोन्ही हातांत, वीस मिनिटं दुसरं काहीही करायचं नाही. रोज त्याच वेळी हे केलं की शरीराला खूण पटते की दिवस मिटला. काही लोक म्हणतात हा नुसता प्लासिबो आहे. झोपेच्या औषधांच्या अभ्यासांमध्ये प्लासिबो गटातली माणसंही बऱ्यापैकी सुधारतात ही सिद्ध झालेली गोष्ट आहे, मग त्या सुधारणेला कमी का लेखायचं? झोप खरीच लागलेली असते.

लॅव्हेंडर लोकांना उशीवर शिंपडायचं अत्तर म्हणून माहीत असतं, पण त्याचं खरं काम पोटात घ्यायच्या कॅप्सूलमध्ये दिसलंय. सिलेक्सान नावाचं प्रमाणित तेल आहे, ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल, २०१० मध्ये जर्मनीत त्याची तुलना थेट लोराझेपामच्या अर्ध्या मिलिग्रॅमशी केली गेली, सहा आठवडे, ७७ लोक, आणि अँक्झायटी दोन्ही गटांत साधारण सारखीच उतरली. लॅव्हेंडरने गुंगी येत नाही, सवय लागल्याचं दिसलेलं नाही, ढेकर मात्र फुलांच्या वासाचे येतात. बाटलीतलं अरोमा ऑइल उचलून प्यायचं असा याचा अर्थ अजिबात नाही, ती वेगळी गोष्ट आहे आणि ती पोटात घ्यायची नसते. पॅशनफ्लॉवरचाही २००१ चा एक छोटा अभ्यास आहे, ३६ लोक, ऑक्साझेपाम या बेन्झोडायझेपिन गोळीशी तुलना, परिणाम जवळपास तितकाच पण जरा उशिरा सुरू होणारा. आकडे छोटे आहेत, त्यामुळे मी त्याच्यावर फार जोर देत नाही.

अश्वगंधेबद्दल सगळेच विचारतात म्हणून जरा सविस्तर. २०१२ च्या एका अभ्यासात स्ट्रेसने त्रासलेल्या ६४ लोकांना ६० दिवस ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा दिला, स्ट्रेसचे स्कोअर आणि रक्तातलं कॉर्टिसॉल हे स्ट्रेसचं हार्मोन दोन्ही प्लासिबोपेक्षा स्पष्ट उतरले. २०२१ मध्ये झोपेवरचे पाच अभ्यास एकत्र बघितले गेले, सगळे मिळून ४०० लोक, परिणाम छोटा पण खरा, आणि ज्यांना मुळात निद्रानाश होता त्यांच्यात जास्त. छानच आहे हे. पण हीच अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, गरोदरपणात ती घेऊ नये असं सांगितलं जातं, आणि गेल्या काही वर्षांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस वेगवेगळ्या देशांतून नोंदवल्या गेल्यात. प्रमाण कमी आहे, बहुतेक जण बंद केल्यावर बरे झाले, पण डोळे पिवळे होणं, अंगाला खाज सुटणं, लघवीचा रंग गडद होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी थांबवून तपासणी करायची. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. बंदी घालावी इतकं ते वाईट आहे असं मला वाटत नाही, पण "सगळे घेतात, काय होतंय" म्हणावं इतकं ते निरुपद्रवी पण नाही.

कावाचंही असंच झालं. पॅसिफिकमधल्या बेटांवर त्याच्या मुळांचं पेय पिढ्यान्पिढ्या प्यायलं जातं, अँक्झायटीवर त्याचा परिणाम अभ्यासांमध्ये बऱ्यापैकी दिसतो, पण लिव्हर फेल होण्याच्या केसेस आल्या, जर्मनीने २००२ मध्ये परवाना काढून घेतला, २०१४ मध्ये तिथल्या कोर्टाने तो निर्णय अयोग्य ठरवला. दारूबरोबर किंवा लिव्हरवर ताण आणणाऱ्या औषधांबरोबर कावा घ्यायचाच नाही.

माझ्या एका मैत्रिणीला ऑपरेशनआधी विचारलं होतं, कुठली औषधं चालू आहेत? तिने सांगितलं, काहीच नाही. तेव्हा ती तीन हर्बल गोष्टी रोज घेत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती, तिच्या मनात ती औषधं नव्हतीच. पुन्हा नीट खोदून विचारल्यावर तिने सांगितलं आणि सगळं वेळेत कळलं. झोपेकडे नेणाऱ्या वनस्पती भूल देण्याच्या औषधांचा परिणाम वाढवू शकतात, त्यामुळे ऑपरेशनच्या साधारण दोन आठवडे आधीच हे सांगून, विचारून बंद करावं लागतं. कॅमोमाइलसारखं साधं फूलसुद्धा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जास्त प्रमाणात घेतलं आणि रक्तस्राव झाला अशी नोंद आहे, आणि शेवंती, झेंडूच्या कुळातल्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल तर ते मुळीच चालत नाही.

आणि सेंट जॉन्स वर्ट. उदासी आणि काळजीवर जगभर खपणारी ही पिवळ्या फुलांची वनस्पती लिव्हरमधल्या औषधं पचवणाऱ्या एन्झाइमचा वेग वाढवते, मग बाकीची औषधं रक्तातून लवकर निघून जातात. गर्भनिरोधक गोळ्या निकामी होऊ शकतात. २००० साली दोन हृदयप्रत्यारोपण झालेल्या पेशंट्सची केस छापून आली, या वनस्पतीमुळे त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, खाली गेलं आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं. डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं. हे सगळं एका फुलाच्या कॅप्सूलने होतं. इतकं असूनही ती सहज मिळते आणि लोक एकमेकांना सुचवतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

बाटलीत नक्की काय आहे हा तर आणखी वेगळा प्रश्न. २००८ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली गेली, त्यातल्या जवळपास २१ टक्क्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून बॅच नंबर, वनस्पतीचं पूर्ण नाव, कुठला भाग वापरलाय, अर्काचं प्रमाण, बाहेरच्या लॅबची टेस्ट, एवढं लेबलवर नसेल तर मी ती वस्तू परत ठेवते. "सीक्रेट फॉर्म्युला" लिहिलेलं असेल तर हातच लावत नाही. पाच-सहा वनस्पती एकत्र असलेलं मिश्रणही मला नको वाटतं, फायदा झाला तर कशामुळे आणि पुरळ आलं तर कशामुळे, काहीच कळत नाही.

आता या सगळ्याच्या खालची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायचीये. आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये निद्रानाशाची एक मांडणी केली. काही माणसं मुळात हलक्या झोपेची असतात, मग एखादा धक्का बसतो, आजारपण, नोकरी, कुणाचं जाणं, आणि झोप उडते. पण धक्का ओसरल्यावरही निद्रानाश उरतो तो तिसऱ्या कारणामुळे, झोप भरून काढायला आपण जे जे करतो त्यामुळे. नऊलाच आडवं होणं, सकाळी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी डुलकी, दर अर्ध्या तासाने घड्याळ बघून "आता झोपलो तरी चारच तास" असा हिशोब करणं. काडी कुणीही ओढलेली असो, शेकोटी पेटती राहते ती आपण घातलेल्या लाकडांवर. कॅफिनचंही तेच, रक्तातलं निम्मं कॅफिन जायलाच साधारण पाच तास लागतात, आणि रात्री नीट झोप झाली नाही म्हणून आपण संध्याकाळी आणखी एक कॉफी घेतो.

या तिसऱ्या कारणावर कुठलीच मुळी काम करत नाही. त्याच्यावर काम करते ती निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी, सीबीटी-आय. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाश असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना आधी हीच द्यावी असं सांगितलं, गोळ्या त्यानंतर. त्यातले काही नियम ऐकायला उलटे वाटतात. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम असा की झोप येत नसेल तर पलंगावरून उठायचं, दुसऱ्या खोलीत जाऊन मंद उजेडात काहीतरी संथ करायचं, आणि झोप खरोखर आली की मगच परत यायचं, नाहीतर पलंग आणि जागरण यांची मेंदूत जोडीच बसते. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, रात्र कशीही गेलेली असो. आणि पलंगावर घालवायचा वेळच सुरुवातीला कमी करायचा, म्हणजे तुम्ही खरे साडेपाच तास झोपत असाल तर आठ तास आडवं राहायचं नाही. हे शक्यतो कुणाच्या तरी देखरेखीखाली करावं, विशेषतः बायपोलर किंवा फिट्सचा त्रास असेल तर.

पहिले काही दिवस अगदी हाल होतात, दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते, गाडी चालवायला नको वाटतं आणि चालवूही नये. मला ते दिवस आठवतात. पण मग हळूहळू पलंगावर पडल्यावर झोप येण्याची जुनी सवय परत यायला लागते, आणि तिथे कॅमोमाइलचा कप मला फार उपयोगी पडला, कारण उठून दुसऱ्या खोलीत गेल्यावर करायला काहीतरी संथ हवंच होतं. वनस्पतीची जागा मला तिथे दिसते, थेरपीच्या शेजारी. तिच्या बदल्यात वनस्पती घेऊन भागणार नाही.

काही त्रास मात्र झोपेसारखे दिसतात आणि झोपेचे नसतात. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, हे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं, आणि त्यात गुंगी आणणारं काहीही, गोळी असो की मुळी, श्वास आणखी बिघडवू शकतं. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं आयर्न तपासावं. छातीत धडधड, वजन उतरणं, हात थरथरणं असेल तर थायरॉइड. पहाटे लवकर जाग येऊन मग काहीच करावंसं न वाटणं, आयुष्य नको वाटणं, हे डिप्रेशन असू शकतं, तिथे चहा करत बसायचं नाही, लगेच माणसाशी बोलायचं, डॉक्टरांशी बोलायचं.

आणि जे आधीपासून गोळ्यांवर आहेत आणि हर्बलकडे वळू इच्छितात त्यांना एवढंच सांगते, आज गोळी बंद आणि उद्यापासून व्हॅलेरियन असं करू नका. बेन्झोडायझेपिन आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशोबाने उतरवावी लागते, आणि व्हॅलेरियन तिची जागा भरून काढत नाही. मध्ये एखादा टप्पा जड गेला तर तिथेच थोडं थांबता येतं, मागे जायची घाई करावी लागत नाही. डोस कसा कमी करायचा ते डॉक्टरांकडून एका कागदावर तारखांसकट लिहून घ्या, आणि त्या काळात कॅमोमाइल किंवा अश्वगंधा काहीही घेणार असाल तर ते किती आणि केव्हा, हेही त्याच कागदावर त्यांच्यासमोरच लिहा.